कंपन्यांची तिमाही पत्रके कशी वाचावीत?

व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलास हिशेब शिकवावा लागत नाही, असे पूर्वी म्हणत. रोजमेळ, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे शब्द त्याच्या कानावर लहानपणापासूनच पडत असत. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही गावांच्या पेढ्यांवर कापूस, धान्य, किराणा, कापड आणि संत्री यांचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या होत आले, ते या ज्ञानाच्या बळावरच. परंतु अलीकडे आपल्या कुटुंबांची बचत पेढीबाहेर, मोठमोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या शेअरांत जाऊ लागली आहे. हातातील मोबाइलवरून क्षणात खरेदी होते आणि क्षणात विक्री. स्वतःच्या दुकानाचा हिशेब पैपैने तपासणारा गृहस्थ ज्या कंपनीत मुलीच्या शिक्षणाची रक्कम गुंतवितो, तिचा हिशेब मात्र बातमीच्या एका मथळ्यावरून जोखतो, ही विसंगती होय. ती दूर व्हावी, या हेतूने हा अभ्यास सदस्य बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

शेअर आणि व्यापारी समाज यांचा संबंध नवा नाही. मुंबईत १८७५ साली शेअर दलालांची जी संस्था स्थापन झाली, तिच्या आद्य पुरुषांत प्रेमचंद रायचंद या सुरतेच्या जैन कुटुंबातील व्यापाऱ्याचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेतील यादवीमुळे हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशातून मुंबईत शेअरांचा सट्टा माजला, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो कोसळला. स्वतः प्रेमचंदांचेही त्यात अपरिमित नुकसान झाले. त्या काळी कंपनी काय कमावते हे दर तीन महिन्यांनी सांगण्याचे बंधन कोणावरही नव्हते. लोक अफवेवर घेत आणि अफवेवर विकत. आज हिशेब उपलब्ध आहे, विनामूल्य आहे आणि वेळेवर मिळतो. आता तो न वाचण्यास सबब उरलेली नाही.

तिमाही पत्रक म्हणजे काय

ज्या कंपनीचे शेअर शेअरबाजारात नोंदलेले असतात, तिने दर तीन महिन्यांचा आपला नफा-तोटा जाहीर केला पाहिजे, असा नियम आहे. बाजारात यालाच ‘क्वार्टरली रिझल्ट’ म्हणतात. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यामुळे पहिली तिमाही एप्रिल ते जून, दुसरी जुलै ते सप्टेंबर, तिसरी ऑक्टोबर ते डिसेंबर आणि चौथी जानेवारी ते मार्च अशी विभागणी होते. ‘सेबी’ या नियामक संस्थेच्या २०१५ च्या नियमावलीनुसार पहिल्या तीन तिमाहींची पत्रके तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत प्रसिद्ध करावी लागतात. चौथ्या तिमाहीचे पत्रक संपूर्ण वर्षाच्या लेखापरीक्षित हिशेबासह येते, म्हणून त्यास ६० दिवसांची मुदत असते. अर्थात १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे या चार तारखा ध्यानात ठेवल्या म्हणजे पुरे. वर्तमानपत्रातील जाहिरात ही सूचनेपुरती समजावी. संपूर्ण पत्रक मुंबई शेअरबाजार व राष्ट्रीय शेअरबाजार यांच्या संकेतस्थळांवर कोणासही पाहता येते.

पत्रक उघडताच आकड्यांचे अनेक स्तंभ दिसतात, आणि येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. वस्तुतः त्यांची रचना अगदी साधी आहे. पहिला स्तंभ नुकत्याच संपलेल्या तिमाहीचा, दुसरा तिच्या लगेच आधीच्या तिमाहीचा, तिसरा गतवर्षीच्या त्याच तिमाहीचा आणि शेवटचा मागील पूर्ण वर्षाचा. दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत सहा किंवा नऊ महिन्यांच्या एकूण आकड्यांचे स्तंभ वाढतात, इतकेच. चौथ्या तिमाहीविषयी एक बारकावा लक्षात ठेवावा. तिचे आकडे पुष्कळदा स्वतंत्र तपासलेले नसून पूर्ण वर्षाच्या आकड्यांतून पहिल्या नऊ महिन्यांचे आकडे वजा करून आलेले असतात. वर्षभरातील दुरुस्त्या त्या शेवटच्या तिमाहीत येऊन साचतात, म्हणून मार्चअखेरचा आकडा कधी कधी चमत्कारिक दिसतो.

ओळींचा क्रम तर दुकानाच्या नफा-तोटा पत्रकासारखाच आहे. प्रथम व्यवसायातील विक्री, मग ‘अन्य उत्पन्न’, नंतर खर्च : कच्चा माल, तयार मालाची खरेदी, शिल्लक मालातील वाढ-घट, कामगारांचे वेतन, कर्जावरील व्याज, घसारा आणि इतर खर्च. त्यातून नफा निघतो. त्यानंतर ‘असाधारण बाबी’ आणि कर वजा होऊन निव्वळ नफा राहतो. अखेरीस प्रत्येक शेअरमागे किती मिळकत झाली, तो आकडा येतो. हा शेअरमागील आकडा फक्त तीन महिन्यांचा असतो. वर्षाचा समजून त्याच्याशी भावाची तुलना करणे चुकीचे होय.

बहुतेक मोठ्या कंपन्या दोन पत्रके देतात : एक केवळ मूळ कंपनीचे आणि दुसरे उपकंपन्यांसह एकत्रित. ज्याप्रमाणे एखाद्या कुटुंबाची पांढुर्ण्यास पेढी, नागपुरास अडत आणि सौंसरला जिनिंग असेल, तर घराची खरी स्थिती तिन्ही वह्या एकत्र केल्याशिवाय कळत नाही, त्याप्रमाणे येथेही एकत्रित पत्रकच आधी पाहावे.

हंगामाचे भान

आपल्या भागातील संत्र्याच्या व्यापाऱ्यास कोणी विचारले, “गेल्या तीन महिन्यांत धंदा कसा झाला?” तर तो आधी विचारील, “कोणते तीन महिने?” आंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या सुमारास तोडणीस येते, मृग बहाराचे उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधल्या काळात गोदाम रिकामे असते म्हणून कोणी त्यास बुडीत व्यापारी म्हणत नाही. कापसाचेही तसेच. जिनिंग थंडीत रात्रंदिवस चालते आणि पावसाळ्यात बंद राहते.

कंपन्यांनाही हंगाम असतात. याचे उदाहरण आपल्या अंगणातच आहे. सौंसर तहसिलीतील बोरगाव औद्योगिक क्षेत्रात कैलासनगर येथे रेमंडचा सूटिंग कापडाचा कारखाना १९९१ पासून आहे. ठाण्यास १९२५ मध्ये स्थापन झालेली ही गिरणी पुढे, १९४४ साली, लाला कैलासपत सिंघानिया यांच्याकडे आली. बोरगावचा कारखाना सुमारे १०० एकरांवर उभा असून तेथे लोकरी व मिश्र धाग्यांचे कापड तयार होते. हे कापड लग्नसराई आणि सणासुदीस अधिक खपते. म्हणून एप्रिल-जूनची तिमाही साधारणतः सर्वांत मंद असते आणि दसरा-दिवाळीच्या आसपास विक्री वाढते. जूनअखेरचा आकडा आधीच्या मार्चअखेरशी ताडून पाहिला आणि ‘विक्री घटली’ असा निष्कर्ष काढला, तर तो आकडा खरा पण अर्थ खोटा ठरेल. तुलना करावयाची ती दुसऱ्या स्तंभाशी नव्हे, तर तिसऱ्या स्तंभाशी, म्हणजे गतवर्षीच्या त्याच हंगामाशी. तिमाही पत्रक वाचण्याचा हा पहिला नियम होय.

तथापि गतवर्ष साधारण होते काय, हेही पाहावे लागते. २०२० च्या एप्रिल ते जून या काळात टाळेबंदीमुळे दुकाने बंद होती, लग्ने पुढे ढकलली गेली. रेमंडची त्या तिमाहीतील विक्री सुमारे १६३ कोटी रुपयांपर्यंत खाली आली आणि तोटा सुमारे २४७ कोटींचा झाला. पुढील वर्षी त्याच तिमाहीत विक्री सुमारे ८२६ कोटी झाली, म्हणजे पाचपट वाढली. मथळा वाचून कोणासही हर्ष व्हावा! परंतु त्याही तिमाहीत कंपनीला सुमारे १५७ कोटींचा तोटाच होता. रिकाम्या गोदामाशी तुलना केली तर अर्धे भरलेले गोदामही भरगच्च दिसते. म्हणून एका वर्षावर विसंबू नये. तीन-चार वर्षांच्या त्याच तिमाहीचे आकडे एका कागदावर ओळीने लिहून काढावेत. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

नफा आला, तो कोठून?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एखाद्या कापड दुकानदाराने या वर्षी दहा लाखांचा नफा दाखविला आणि चौकशीअंती कळले की त्यातील आठ लाख वडिलोपार्जित प्लॉट विकून आले आहेत, तर आपण त्यास मोठा व्यापारी म्हणणार नाही. दुकानाची कमाई दोन लाखांचीच. प्लॉट पुढील वर्षी पुन्हा विकता येणार नाही.

याच कंपनीच्या पत्रकांत हा धडा दोनदा दिसला. २०२३ मध्ये रेमंडच्या एका सहयोगी कंपनीचा सुगंधी प्रसाधने इत्यादींचा व्यवसाय २,८२५ कोटी रुपयांस गोदरेज समूहातील कंपनीला विकला गेला. त्यामुळे एप्रिल-जून २०२३ च्या तिमाहीत रेमंडचा निव्वळ नफा १,०६५ कोटींच्या घरात गेला. त्याच्या मागील वर्षी तो सुमारे ८१ कोटी होता. नफा तेरापट झाला, परंतु कापड-कपड्यांसह एकूण विक्रीत किरकोळच वाढ होती. पुढील वर्षी कंपनीने आपला कापड व कपड्यांचा व्यवसाय ‘रेमंड लाइफस्टाइल’ या निराळ्या कंपनीत वेगळा केला, आणि एप्रिल-जून २०२४ च्या पत्रकात मूळ कंपनीचा नफा सात हजार कोटींहून अधिक दिसला. हा पैसा कोणत्याही ग्राहकाकडून गल्ल्यात आलेला नव्हता. व्यवसाय वेगळा करताना त्याचे बाजारमूल्य आणि वहीतील मूल्य यांतील फरक लेखाशास्त्राच्या नियमानुसार नफा म्हणून दाखवावा लागतो, त्याचा तो परिणाम. कंपनीने यात काही लपविले नव्हते. ‘असाधारण बाबी’ आणि ‘बंद किंवा वेगळे केलेले व्यवसाय’ या ओळींत व टिपांत ते स्पष्ट लिहिलेले असते. ओळ न वाचता तळाचा आकडा पाहणाराच फसतो.

याच प्रसंगी उलट दिशेचीही फसगत संभवत होती. ११ जुलै २०२४ रोजी रेमंडचा शेअर पूर्वीच्या भावाच्या मानाने जवळजवळ दोन-पंचमांश खाली उघडला. ज्यास पार्श्वभूमी ठाऊक नव्हती, त्यास हा सर्वनाश वाटला असेल. खरे पाहता, रेमंडच्या दर पाच शेअरांमागे लाइफस्टाइल कंपनीचे चार शेअर मिळावयाचे होते, आणि ते ५ सप्टेंबर २०२४ रोजी बाजारात नोंदले गेले. एका भावाच्या दोन भावांत वाटण्या झाल्या, तर थोरल्याच्या वाट्याची किंमत कमी होणारच. घरातील एकूण धन त्यामुळे बुडत नाही. बोरगावच्या कारखान्याचा हिशेब पाहावयाचा असल्यास तेव्हापासून लाइफस्टाइल कंपनीचे पत्रक उघडले पाहिजे, हेही ध्यानात असावे.

‘अन्य उत्पन्न’ ही ओळही याच कारणाने पाहावी. ठेवींवरील व्याज, गुंतवणुकीवरील लाभ वगैरे रकमा येथे येतात. त्यात वाईट काही नाही. परंतु निव्वळ नफ्याचा मोठा भाग जर व्याजाचाच असेल, तर आपण व्यापारात नव्हे, मुदत ठेवीत भागीदार झालो आहोत असे समजावे.

खाणीचे उदाहरण

हंगाम आणि असाधारण बाबी यांखेरीज तिसरे कारण म्हणजे जगाचा भाव. याचा पाठ मँगनीजच्या खाणीत मिळतो. भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत ‘सौंसर श्रेणी’ हे नाव जगभर प्रसिद्ध आहे. बालाघाट, भंडारा, नागपूर आणि छिंदवाडा या पट्ट्यातील ज्या प्राचीन खडकांत मँगनीज सापडते, त्या खडकांना आपल्या सौंसरचे नाव दिले गेले. या पट्ट्यात काम करणारी ‘मॉइल’ ही नागपूरची सरकारी कंपनी. तिचे मूळ १८९६ मधील एका इंग्रज संस्थेत आहे. १९६२ मध्ये केंद्र सरकार, महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांच्या ५१ टक्के भागीदारीने आजची कंपनी बनली आणि १९७७ मध्ये उरलेला हिस्साही सरकारने घेतला. डिसेंबर २०१० मध्ये तिचे शेअर ३७५ रुपये दराने जनतेस देऊन बाजारात नोंदविण्यात आले. तेव्हापासून तिची तिमाही पत्रके निघतात.

मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस एका बेटावर चक्रीवादळ आले आणि तेथील मोठ्या मँगनीज खाणीचा धक्का मोडला. जहाजे भरता येईनात. जगात मँगनीजचा भाव चढला. एप्रिल-जून २०२४ च्या तिमाहीत मॉइलचा निव्वळ नफा सुमारे ८७ कोटींवरून सुमारे १५२ कोटींवर गेला. पुढे त्या बेटावरील निर्यात २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, भाव उतरले, आणि एप्रिल-जून २०२५ मध्ये नफा सुमारे ५२ कोटींवर आला. म्हणजे दोन-तृतीयांश घटला. खाण तीच, कामगार तेच. २०२४-२५ या वर्षाचे उत्पादन तर १८ लाख टनांच्या घरात जाऊन विक्रम करणारे ठरले होते. फरक पडला तो भावाचा. सरकीचा भाव चढला म्हणून जिनिंगवाल्याचा नफा वाढला, तर तो त्याच्या कर्तबगारीने की बाजाराच्या कृपेने, हे आपण बरोबर ओळखतो. तोच प्रश्न येथे विचारावा : विक्रीची वाढ मालाच्या वजनाने झाली की भावाने? भावाने आलेली वाढ भावाबरोबर जाते. चढत्या तिमाहीतील नफ्याला चारने गुणून वर्षाचा अंदाज बांधणारा गुंतवणूकदार अशा वेळी पस्तावतो.

गल्ल्यात किती आले?

नफा आणि रोकड या दोन भिन्न वस्तू आहेत, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको. परंतु दुसऱ्याच्या हिशेबात आपण ते विसरतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कापड दुकानाने तिमाहीत १० लाखांची विक्री केली. विकलेल्या मालाची किंमत साडेसात लाख, भाडे व पगार १ लाख २० हजार, व्याज ३० हजार. नफा बरोबर १ लाख. परंतु १० लाखांपैकी ४ लाख उधारीत आहेत आणि घाऊक व्यापाऱ्यास सर्व रक्कम रोख चुकती केली आहे. आले ६ लाख, गेले ९ लाख. वहीत १ लाखाचा नफा, गल्ल्यात ३ लाखांची तूट. ही तूट कोठून तरी कर्जाऊ आणावी लागेल. एखाद्या तिमाहीत असे झाले तर हंगाम म्हणता येईल. वर्षानुवर्षे असेच चालले तर ते दुकान बाहेरून झगमगते आणि आतून पोखरलेले असते.

कंपनीचा ताळेबंद आणि रोकड प्रवाहाचे पत्रक दर तिमाहीस देण्याचे बंधन नाही. ते सप्टेंबर व मार्चअखेर, असे वर्षातून दोनदा येते. म्हणून नोव्हेंबर आणि मे महिन्यांतील पत्रके अधिक काळजीने वाचावीत. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. ग्राहकांकडील येणे विक्रीपेक्षा वेगाने वाढते आहे काय? शिल्लक माल साचतो आहे काय? आणि व्यवसायातून आलेली रोकड नफ्याच्या आसपास आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या कंपनीत दोन-तीन वर्षे सातत्याने वाईट येतात, तिच्या नफ्यावर भाळू नये.

टिपा आणि लेखापरीक्षकाचे शब्द

आकड्यांच्या खाली बारीक अक्षरांत टिपा असतात. पुष्कळदा खरी बातमी तेथेच असते : चालू असलेला कज्जा, कराची मागणी, विकलेली मालमत्ता, हिशेबाच्या पद्धतीतील बदल. त्यासोबत लेखापरीक्षकाचा अहवाल असतो. पहिल्या तीन तिमाहींत ही संपूर्ण तपासणी नसून ‘मर्यादित समीक्षा’ असते. म्हणजे प्रश्न विचारणे आणि आकड्यांची संगती पाहणे एवढेच. लेखापरीक्षकाने एखाद्या बाबतीत आक्षेप नोंदविला असेल, किंवा मुदतीपूर्वीच राजीनामा दिला असेल, तर तो इशारा समजावा. ज्या पेढीचा जुना मुनीम हिशेबाच्या ऐन वेळी सोडून जातो, त्या पेढीशी व्यवहार करताना आपण दोनदा विचार करतो.

समीक्षा असूनही असत्य चालू शकते, याचे दुःखद उदाहरण हैदराबादच्या सत्यम कंपनीचे. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी पत्राने कबुली दिली की, सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत २,७०० कोटींची विक्री आणि ६४९ कोटींचा व्यावसायिक नफा दाखविला होता. प्रत्यक्षात विक्री २,११२ कोटी आणि नफा अवघा ६१ कोटी होता. त्या एका तिमाहीतच ५८८ कोटींची खोटी रोकड वहीत वाढविली गेली. बँकेत नसलेले पाच हजार कोटी रुपये ताळेबंदात दिसत होते. यावरून पत्रके निरर्थक आहेत असे समजू नये. पत्रक हे साक्षीदारासारखे आहे. एकाच साक्षीवर निकाल देऊ नये, आणि सर्व बचत एकाच कंपनीत घालू नये, हा त्याचा अर्थ.

गावातील कुजबुज आणि कायदा

आपल्या भागास विशेष लागू असलेली एक गोष्ट येथे स्पष्ट करणे अवश्य आहे. कारखाना जवळ असला की आपणास त्याची माहिती आहे असे वाटू लागते. दुकानावर येणारा कामगार पाळ्या वाढल्याचे सांगतो, ट्रकवाला मालाच्या फेऱ्या मोजतो. परंतु एक कारखाना म्हणजे कंपनी नव्हे. पत्रकात बोरगावचा नफा निराळा दिलेला नसतो. कापड, तयार कपडे, निर्यातीची शिलाई, शर्टिंग असे विभाग असतात. आपल्या गावी पाळ्या वाढल्या आणि दुसरीकडे कपड्यांची विक्री मंदावली, असेही घडू शकते.

शिवाय येथे कायद्याचा प्रश्न आहे. कंपनीतील परिचिताकडून निकालाची अप्रकाशित माहिती मिळवून त्यावर शेअर घेणे किंवा विकणे हा सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार अपराध आहे; आणि माहिती देणाऱ्याप्रमाणे ती घेणाराही दोषी ठरतो. याच कारणाने तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांपर्यंत कंपनीच्या अधिकाऱ्यांना स्वतःच्या कंपनीच्या शेअरांचा व्यवहार करण्यास मनाई असते. ज्या लाभासाठी आपल्या शेजाऱ्याची नोकरी धोक्यात येईल, तो लाभ व्यापारी नीतीतही बसत नाही.

इतर देशांचा अनुभव

ही पद्धत केवळ आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९७० पासून तिमाही हिशेब सक्तीचे झाले. थायलंडचा शेअरबाजार ३० एप्रिल १९७५ रोजी सुरू झाला. तेथेही कंपन्यांना तिमाही पत्रक ४५ दिवसांत द्यावे लागते, आणि नफ्यात गतवर्षीच्या मानाने २० टक्क्यांहून अधिक फरक पडल्यास त्याचे कारण लेखी द्यावे लागते. ही प्रथा उत्तम आहे. आपणही मनाशी हाच नियम ठेवावा की, पाचव्या हिश्शाहून अधिक फरक दिसला तर कारण सापडल्याविना पुढे जाऊ नये. त्याच देशात २ जुलै १९९७ रोजी चलनाचा डॉलरशी असलेला स्थिर दर सोडून देण्यात आला, तेव्हा डॉलरमध्ये कर्ज काढलेल्या अनेक कंपन्यांच्या पत्रकांत प्रचंड तोटे उमटले. धंदा चालू होता, पण कर्ज परक्या नाण्यात होते. व्याज आणि कर्ज यांच्या ओळी का वाचाव्यात, याचे याहून मोठे प्रमाण नको.

उलट युरोपीय संघाने २०१३ मध्ये तिमाही पत्रकांची सक्ती काढून टाकली. तीन महिन्यांच्या आकड्यांकडे डोळे लावून बसल्याने चालक दूरचा विचार सोडतात, असा आक्षेप त्यामागे होता. त्यात तथ्य आहे. संत्र्याचे झाड लावल्यापासून फळास येईपर्यंत काही वर्षे जातात. दर तीन महिन्यांनी मुळे उकरून पाहणाऱ्याची बाग वाढत नाही.

सारांश

एवढ्या विवेचनातून जे प्रश्न निघतात, ते पत्रक हाती घेताना एकेक करून विचारावेत :

१. गतवर्षीच्या त्याच तिमाहीशी, आणि शक्य तर तीन-चार वर्षांशी तुलना केली काय?
२. विक्री वजनाने वाढली की भावाने?
३. नफा धंद्यातून आला की मालमत्ता विकून, व्याजातून किंवा वाटणीतून?
४. व्याजाचा बोजा वाढतो आहे काय?
५. उधारी आणि शिल्लक माल विक्रीपेक्षा वेगाने वाढतात काय? रोकड येते काय?
६. टिपांत आणि लेखापरीक्षकाच्या अहवालात आक्षेप आहे काय?
७. ही रक्कम पाच वर्षे लागणार नाही, याची घरात खात्री आहे काय?

शेवटचा प्रश्न पत्रकात सापडत नाही. तो घरातील सर्वांनी एकत्र बसून सोडवावयाचा आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-विकल्पांच्या सौद्यांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला आणि त्यांची एकूण हानी १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होती. ही रक्कम कोणाच्या तरी दुकानाचे भांडवल होती, कोणाच्या लग्नाची ठेव होती, कोणाच्या म्हातारपणाची काठी होती. त्यातील कितीजणांनी त्या कंपन्यांचे एक तरी पत्रक वाचले असेल?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला आहे. नवे रस्ते येतील, नव्या बँका येतील, आणि शेअर विकणारे नवे सल्लागारही दारी येतील. त्यांचे ऐकून घ्यावे, परंतु निर्णय स्वतःच्या वाचनावर घ्यावा. आपल्या घरांतील तरुण-तरुणी वाणिज्य शिकलेल्या आहेत. दिवाळीच्या वहीपूजनानंतर अवघ्या काही दिवसांत सप्टेंबरअखेरची पत्रके बाहेर पडतात. त्या वेळी ज्या दोन-तीन कंपन्यांत कुटुंबाचा पैसा आहे, त्यांची पत्रके छापून घ्यावीत आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. वडीलधाऱ्यांनी उधारी आणि शिल्लक मालाविषयी प्रश्न विचारावेत, तरुणांनी टिपा उलगडून सांगाव्यात. रोजमेळ वाचण्याची जी दृष्टी आपल्या पूर्वजांनी दिली, तीच दृष्टी या नव्या वहीवरही टाकावयाची आहे.